उंदराचा धडा आणि मेंदूची इजा



कर्जत-खालापूरकडील भातखाचरांच्या बांधांत बिळें करून राहणारा उंदीर हा आमच्या शेतकऱ्याचा जुना वैरी. परंतु त्याच्याच कुळांतील पाळीव पांढऱ्या उंदरानें मेंदूविषयीं जें शिकविलें, तें घरांत अर्धांगवायूचा रोगी असणाऱ्या प्रत्येकानें ऐकण्यासारखें आहे. असा रोगी एखादी सवयीची गोष्ट विसरला, कीं ‘आतां ह्यांना कांहीं शिकवितां यावयाचें नाहीं’ असा निकाल आपण घाईनें देतों. विसरणें निराळें आणि शिकतां न येणें निराळें.

अमेरिकेंतील कार्ल लॅशले ह्या मानसशास्त्रज्ञानें उंदरापुढें दोन वाटा ठेविल्या, एक उजेडाची व एक अंधाराची. उजेडाच्या वाटेनें गेल्यास खाऊ मिळे. धडा पक्का झाल्यावर उंदरास गुंगी देऊन त्याच्या मेंदूवरील सालीचा मागचा, म्हणजे दृष्टीचा, भाग काढून टाकण्यांत आला. जखम भरल्यावर परीक्षा घेतली, तों धडा साफ पुसलेला! पण पुन्हां शिकवितांच तोच उंदीर जवळजवळ पूर्वीइतक्याच प्रयत्नांत तो शिकला. इतकेंच नव्हे, तर शिकण्यापूर्वींच तो भाग गमावलेले उंदीरही धडधाकट उंदरांच्याच गतीनें शिकले. उजेड आणि अंधार ओळखण्यापुरतें काम मेंदूच्या खालच्या थरांतील केंद्रें करूं शकतात, हें त्याचें कारण.

आकृतीची गोष्ट वेगळी. १९३० मध्यें लॅशलेनें नवी युक्ति काढली. उंदीर उंच चौथऱ्यावर, समोर दोन पुठ्ठे. एकावर उभ्या रेघा, दुसऱ्यावर आडव्या. योग्य पुठ्ठ्यावर उडी मारली कीं तो मागें पडे व खाऊ मिळे. अयोग्यावर मारल्यास नाक आपटून उंदीर खालच्या जाळींत. (आम्हां मास्तरांच्या छडीपेक्षां ही शिक्षा अधिक न्याय्य म्हणावी लागेल.) दृष्टीचा भाग समूळ गेलेल्या उंदरांस हा भेद कितीही शिकवून येईना; त्या भागाचा लहानसा तुकडा उरला, तरी मात्र निभावे.

१९२९ च्या ग्रंथांत लॅशलेनें असेंही मांडलें, कीं साल जितकी अधिक जाते तितक्या भुलभुलैयांतील चुका वाढतात, मग ती कोठची कां असेना. हें जरा ताणलेलेंच होतें. १९८२ मध्यें रिचर्ड मॉरिस व त्याच्या सहकाऱ्यांनीं दूध घालून गढूळ केलेल्या पाण्याच्या हौदांत एक चौथरा बुडवून ठेविला. हिप्पोकॅम्पस नांवाचा भाग नष्ट झालेल्या उंदरांना त्याची जागा लक्षांत राहीना. तोच चौथरा पाण्यावर दिसूं लागतांच ते थेट तिकडे पोहत. पोहणें शाबूत, डोळे शाबूत. गेली ती केवळ जागेची आठवण.

उंदरावरून माणसाचें गणित जसेंच्या तसें सोडवूं नये. दृष्टीची साल गेल्यास माणसाची हानि उंदराहून फार मोठी होते. तरीही काय गेलें आणि काय उरलें, हें वेगवेगळें तपासण्याची रीत दोघांसही लागू आहे. स्मृतिभ्रंशामुळें स्वतःच्याच घरांत वाट चुकणाऱ्या वृद्धासाठीं न्हाणीघराच्या दारावर ठळक चित्र लावावें, असें आज सुचविलें जातें, तें ह्याच हिशेबानें. जागा आठवत नसली, तरी चित्र दिसतें.