बुडू देता येत नाही अशी बँक

19 मार्च 2023 चा रविवार. स्वित्झर्लंडच्या राजधानीत, बर्नमध्ये, संध्याकाळी पत्रकार परिषद झाली आणि 1856 मध्ये स्थापन झालेली क्रेडिट स्विस बँक यूबीएस या दुसऱ्या मोठ्या स्विस बँकेने 3 अब्ज फ्रँकला घेतल्याचं जाहीर झालं. शुक्रवारी 1.86 फ्रँकवर बंद झालेल्या शेअरला 0.76 फ्रँक मिळणार होते. भागधारकांचं मतदान सरकारने वटहुकूम काढून टाळलं, कारण सोमवारी आशियातले बाजार उघडायच्या आत व्यवहार उरकायचा होता.

ही साधीसुधी बँक नव्हती. 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि जगभर पतपुरवठा गोठला. त्यानंतर बासेलमधलं वित्तीय स्थैर्य मंडळ 2011 पासून दरवर्षी जगाला धोका ठरू शकणाऱ्या बँकांची यादी काढतं. सुमारे तीस नावं असतात. त्या बँकांनी जास्तीचं भांडवल राखायचं आणि वेळ आलीच तर बँक कशी मोडीत काढायची, याचा आराखडा आधीच तयार ठेवायचा.

क्रेडिट स्विस या यादीत होती. आराखडा होता. 2022 अखेर मुख्य भांडवलाचं प्रमाण 14.1 टक्के, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण आर्किगोस ही गुंतवणूक कंपनी कोसळल्याने बँकेचे अब्जावधी बुडाले होते, घोटाळ्यांची मालिका थांबत नव्हती, आणि 2022 च्या शेवटच्या तिमाहीत ग्राहकांनी 110 अब्ज फ्रँकहून जास्त पैसे काढून नेले. 15 मार्चला सर्वात मोठ्या भागधारकाने, सौदी नॅशनल बँकेने, आणखी पैसे घालणार नाही असं सांगितलं आणि शेअर कोसळला. स्विस मध्यवर्ती बँकेने 50 अब्ज फ्रँकपर्यंतचं कर्ज देऊ केलं, तेही चार दिवस पुरलं नाही. भांडवल मोजता येतं. ठेवीदाराचा विश्वास उडाला की ते आकडे कामाला येत नाहीत.

माझा आक्षेप पुढच्या निर्णयावर आहे. मोडीत काढायचा आराखडा बाजूला ठेवून मोठी बँक आणखी मोठ्या बँकेत मिसळली गेली. सुमारे 16 अब्ज फ्रँकचे एटी-1 रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली की ज्यांची किंमत पुसून टाकता येते असे रोखे, शून्य झाले. येस बँकेच्या अशाच 8,415 कोटी रुपयांच्या रोख्यांचा फटका 2020 मध्ये आपल्याकडच्या कितीतरी ज्येष्ठ नागरिकांना बसला, कारण मुदत ठेवीसारखेच म्हणून ते त्यांच्या गळ्यात मारले गेले होते.

विलीनीकरणानंतर यूबीएसचा ताळेबंद स्वित्झर्लंडच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट झाला. उद्या ती अडचणीत आली, तर तिला विकत घेऊ शकेल एवढी दुसरी बँक त्या देशात नाही.