शिंगणापूरच्या वाटेवरचा घाट

नगरहून शनिशिंगणापूर साधारण ४० किलोमीटर. संभाजीनगर महामार्ग धरायचा, घोडेगावला डावीकडे वळायचं की तासाभरात शनीचा चौथरा. बहुतेक लोक हा रस्ता मोबाइलमध्ये डोकं घालून उरकतात. माझं माहेर याच वाटेवरच्या जेऊर पट्ट्यातलं, म्हणून मला त्याची हळहळ वाटते. हा रस्ता समजून घ्यायचा असेल तर पाण्यावर लक्ष ठेवून चला.

जेऊरच्या परिसरात सीना नदीचा एक उगम आहे. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. बाजरी आणि कांदा हाच आधार. गर्भगिरीच्या टेकड्या श्रावण-भाद्रपदात हिरव्यागार असतात, दिवाळीनंतर सगळं गवत पिवळं पडतं. मला दोन्ही रूपं आवडतात.

मग इमामपूर घाट लागतो. घाट लहानसाच, पण हे डोंगर दोन खोरी वेगळी करतात. अलीकडचा पाऊस सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळतो. पलीकडचा गोदावरीकडे जातो. माथ्यावर पोरांना हे आवर्जून सांगा.

पांढरीपुलावरून पुढे उतरलं की मुलूख बदलतो. काळी जमीन, उसाचे फड. ही किमया कालव्याची. राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला मुळा नदीवर २६ टीएमसीचं धरण आहे; त्याचा उजवा कालवा नेवासे तालुक्यात पाणी आणतो. त्याच पाण्यावर ऊस उभा राहिला, सोनईचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि शिंगणापूरच्या रस्त्यावर रसवंत्याही. इथे अजून बैलावर चालणारे लाकडी चरक दिसतात. बैल संथ फिरतो, लाकूड कुरकुरतं, कांडकं आल्या-लिंबासह आत जातं आणि फेसाळ रस खालच्या भांड्यात उतरतो. घाई करू नका. बैलाच्या चालीनेच ग्लास भरतो.

शिंगणापुरात साडेपाच फुटांची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. वर छप्पर नाही. जुन्या घरांना चौकट आहे, दार नाही. २०११ साली इथे बँकेची शाखा उघडली तीही कुलपाविना. २०१६ साली चौथरा स्त्रियांनाही खुला झाला, ही बातमी ऐकून मला मनापासून आनंद झाला होता.

जाणार असाल तर शनिअमावास्या टाळा, रस्ता गर्दीने तुंबतो. पूजासाहित्य खपवायला गाडीमागे धावणाऱ्या लटकूंसाठी, म्हणजे दलालांसाठी, थांबू नका. गाळप हंगामात अंधारात उसाच्या ट्रॉल्या दिसत नाहीत, म्हणून उजेडीच परता.

वेळ असेल तर महामार्गाने प्रवरासंगमपर्यंत जा. मुळेचं पाणी पोटात घेतलेली प्रवरा तिथे गोदावरीला मिळते. आपल्या जिल्ह्यात कुठे बाजरी, कुठे ऊस आणि का, हे एवढ्या एका प्रवासात कळतं. पाण्यावरून भांडणाऱ्या आपल्या सगळ्यांनी तो एकदा डोळे उघडे ठेवून करायला हवा.