मिनिकॉयला जायचे तर हिशेब करून जा

लक्षद्वीपचे नाव निघाले की निळे पाणी, पांढरी वाळू आणि माडांची गर्दी डोळ्यांपुढे येते. हे चित्र खोटे नाही. पण व्यापारी माणूस चार दिवस विसाव्यासाठी गेला, तरी त्याची नजर मालावर जातेच. 'इथे एखादे दुकान टाकले तर?' असा विचार मनात येण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असाव्यात. दक्षिण टोकाच्या मिनिकॉय बेटाच्या उदाहरणाने त्या पाहू.

लक्षद्वीपच्या ३६ बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. वस्ती फक्त १० बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती आणि त्यात मुसलमान ९६ टक्क्यांहून अधिक. मिनिकॉयचे क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरही नाही. लोक दहा हजारांच्या आसपास. इतर बेटांवर मल्याळम चालते; इथे मालदीवशी नाते सांगणारी महल भाषा बोलतात. १८८५ साली बांधलेला दीपस्तंभ आजही उभा आहे. बेटावरचे कित्येक पुरुष पिढ्यान्पिढ्या जहाजांवर नोकरी करतात. आपल्या कोकणातल्या खलाशी कुटुंबांना हे नवे वाटणार नाही.

परवाना आणि जहाज

१९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्या माणसाला बेटावर उतरण्यासाठी परवाना लागतो, मग तो भारतीय असला तरी. इथले मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत गणले जातात. बाहेरच्याला जमीन विकत घेता येत नाही. म्हणजे जागा घेऊन पेढी थाटण्याचा बेत मनातून काढून टाकावा. बेटाची शांतता टिकली आहे, त्यात या नियमांचा मोठा वाटा आहे.

बेटांवर जाणारी प्रवासी जहाजे कोचीहून सुटतात. बेटानुसार साधारण १४ ते १८ तास लागतात. विमानाची धावपट्टी अगत्ती बेटावर आहे, मिनिकॉयला नाही. तांदूळ, साखर, कापड, सिमेंट, सगळे समुद्रातूनच येते. पावसाळ्यात दर्या खवळला की वेळापत्रक कोलमडते. परतीचा दिवस पक्का धरून मुंबईत कुणाला वायदा देऊ नये.

पाण्याचेही तसेच. पोवळ्याच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो; उपसा जास्त झाला की विहिरीत खारे पाणी चढते. २०११ साली मिनिकॉयला समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला गेला. पाहुण्याने पाणी जपून वापरावे.

माल कोणता?

पहिला माल 'मास'. कुप्पा मासळी गळाने, एकेक करून पकडतात. तुकडे करून उकडतात, धुरी देतात आणि मग उन्हात कडक वाळवतात. आपला सुका बांगडा मिठावर टिकतो. मास धुरी आणि उन्हावर टिकतो, तोही महिनोन्‌महिने. श्रीलंकेत अशा मासळीला जुनी मागणी आहे.

दुसरा माल काथ्या. सोडणे खाजणाच्या उथळ पाण्यात कुजवून, कुटून सुंभ वळतात. लक्षद्वीपच्या बेटांवर हे काम मुख्यतः बायकांच्या हातचे. खोबरे, व्हिनेगर आणि माडाचा गूळ हेही तिथले पदार्थ.

भावाची गोष्ट

कन्नूरच्या अरक्कल घराण्याची सत्ता असताना काथ्याच्या खरेदीवर सरकारी मक्तेदारी होती. काथ्या द्यायचा आणि ठरवून दिलेल्या भावाने तांदूळ घ्यायचा. दुसरा गिऱ्हाईक शोधण्याची मुभा नव्हती. या जाचाला कंटाळून अमिनी बेटाच्या लोकांनी टिपू सुलतानाकडे धाव घेतली. जहाजाची वाट पाहणारा विक्रेता नेहमीच अडलेला असतो. त्याच्या नडीचा फायदा घेणे सोपे आहे. पण अशी खरेदी एकदाच होते.

म्हणून पहिल्या खेपेला फक्त पाहून यावे, नमुने आणावेत. कारागिराने तिथला सुंभ आपल्या कामात कसा चालतो ते तपासावे. मग मागणी लहान द्यावी. जहाजभाडे कुणी भरायचे आणि वाटेत माल भिजला तर तोटा कुणाचा, हे आधी लिहून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी माल मुख्य भूमीवर उतरेल असाच वायदा करावा. आणि भाव असा द्यावा, की पुढच्या मोसमात त्याच दारी पुन्हा जाता येईल.