जुनी बोलेरो पिकअप घेतलीत? आधी हे करा

राहुरी, वांबोरी भागात कांदा, ऊस, दूध वाहणारी बोलेरो पिकअप दोन-तीन लाख किलोमीटर पळूनही दणकट असते, पण मागच्या मालकाने काय केलं आणि काय टाळलं याची नोंद सहसा हाती येत नाही. म्हणून माझं ठाम मत: काहीच झालेलं नाही असं धरून चाला.

पहिला खर्च इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टरवर करा. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतरस्त्यांची धूळ एवढी असते की एअर फिल्टर लवकर तुंबतो. मग काळा धूर आणि अ‍ॅव्हरेजची घसरण. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर ते काढून फ्लश करा आणि कूलंट भरा, कारण साध्या पाण्याने आतून गंज धरतो.

गिअरबॉक्स आणि मागच्या क्राऊनचं ऑइल मात्र बहुतेक जण विसरतात. ते महागही नाही. यूजे क्रॉसला ग्रीस मारा, पाट्यांचे बूश आणि यू-बोल्ट तपासा. नगर-मनमाड रस्त्यावर लोड घेऊन फिरणाऱ्या गाडीचे हाल इथेच होतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे दर दोन वर्षांनी ते बदलाच. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूचा निर्मितीचा चार आकडी कोड वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

आणि व्यवहार अजून व्हायचा असेल, तर त्याआधी फिटनेस सर्टिफिकेटची तारीख बघा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी लागतं.