आधी कोणी सांगायचं?

एका मुलीला एक मुलगा आवडतो. तो फोन करतो, ती गडबडीत असल्याचं सांगून टाळते. मुलीने आपलं मन इतक्या सहज देऊन टाकू नये, असं तिचं तत्त्व आहे. त्याने अजून थोडा जोर लावावा, इतकंच तिचं म्हणणं. २०१६ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ‘चिअर अप’ या कोरियन गाण्याचा हा आशय. ते गायलं होतं ‘ट्वाइस’ या नऊ मुलींच्या गटाने.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच मुलींचं ‘टीटी’ आलं. आता तिला सांगायचंय, पण सांगता येत नाही. ‘टीटी’ म्हणजे मोबाइलवर रडवेला चेहरा काढण्याची खूण. ही दोन अक्षरं बोटांनी करून दाखवायची एक लकब नाचात होती आणि तिचं अनुकरण कोरियापासून जपानपर्यंत शाळकरी पोरी करत सुटल्या.

मग २२ एप्रिल २०१९ ला आलं ‘फॅन्सी’. इथे ती सरळ म्हणते, मला तू आवडतोस, आणि आधी कोणी सांगितलं याने काय बिघडतं? व्हिडिओतली गुलाबी गोडी ओसरली, पार्श्वभूमी गडद झाली, सिंथचा सूर धारदार झाला. पण खरा बदल त्या एका प्रश्नात आहे. तीन वर्षांपूर्वी जे तत्त्व होतं, तेच तिने उलटं करून टाकलं.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रात नायिकेचे मुग्धा, मध्या आणि प्रगल्भा असे टप्पे मानतात. सोलच्या स्टुडिओत कुणी नायिकाभेद वाचला असण्याची शक्यता नाही, तरी तीन पॉप गाण्यांत तो इतका चोख बसावा!

खरी चक्रावणारी गोष्ट पुढेच आहे. या तिन्ही गाण्यांची चाल एकाच जोडीची: राडो आणि चोई क्यू-सुंग. दोघं ‘ब्लॅक आइड पिलसंग’ या नावाने काम करतात. म्हणजे लाजायला शिकवणारे आणि लाज सोडायला लावणारे संगीतकार तेच. शिवाय हा प्रयोग त्यांनी आधी एकदा करून पाहिला होता. ‘एपिंक’ हा २०११ पासून निरागसपणासाठी ओळखला जाणारा गट. जुलै २०१८ मध्ये याच जोडीने त्यांना ‘आय अ‍ॅम सो सिक’ दिलं. त्यातली बाई संपलेल्या प्रेमाला कंटाळली आहे, आणि तो कंटाळा ती थंडपणे बोलून दाखवते. जुने चाहते आधी चमकले, मग खूश झाले.

पण २०१८, २०१९ हीच वर्षं का? के-पॉपमध्ये वयापेक्षा कराराचं घड्याळ जोरात वाजतं. २००९ मध्ये ‘टीव्हीएक्सक्यू’ या गाजलेल्या गटातले तिघं आपल्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेले, कारण करार तेरा वर्षांचा होता. त्यानंतर कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने नमुना करार आणला आणि मुदत सात वर्षांवर आली. झालं, सातव्या वर्षी गट फुटण्याची धास्ती सुरू झाली. ‘टूएनईवन’ २००९ ते २०१६, ‘सिस्टार’ २०१० ते २०१७, ट्वाइसच्याच कंपनीतली ‘मिस ए’ २०१० ते २०१७. एपिंकचं ते गाणं पदार्पणानंतर सात वर्षांनी आलेलं, हा मला योगायोग वाटत नाही. पदार्पणाला सोळा वर्षांची असलेली मुलगी करार संपताना तेवीस वर्षांची होते. तोवर तिच्या गाण्यातली मुलगी मोठी झाली नसेल, तर पुढे ती गाणार काय?

कपड्यांची लांबी कमी केली की गट ‘मोठा’ झाला, असं समजणाऱ्या कंपन्याही आहेतच. ते मला सगळ्यांत आळशी उत्तर वाटतं.

ट्वाइसच्या बाबतीत वाढ पुढेही दिसत राहिली. २०१९ च्या उन्हाळ्यात गटातली मिना तीव्र चिंतेच्या त्रासामुळे रंगमंचापासून दूर झाली. सप्टेंबरमध्ये ‘फील स्पेशल’ आलं. कंपनीचे संस्थापक पार्क जिन-यंग यांनी मुलींशी बोलून, त्यांच्या खचलेल्या दिवसांवरून ते लिहिलं होतं. त्यात प्रियकराचा पत्ता शोधावा लागतो. कुणीतरी जवळ असल्याने आपण नगण्य नाही असं वाटणं, एवढाच विषय. तरीही लिहिणारा पुरुषच, आणि तोही मालक! म्हणून मला २०२० च्या अल्बममधलं ‘डिपेंड ऑन यू’ जास्त महत्त्वाचं वाटतं. फारसं न गाजलेलं हे गाणं, पण त्याचे शब्द गटातल्या थोरल्या नायॉनने स्वतः लिहिले. जुलै २०२२ मध्ये नऊच्या नऊ जणींनी करार वाढवला, सातव्या वर्षाची गाठ त्यांनी अशी ओलांडली.

आणि ती संगीतकार जोडी? नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी स्वतःचा नवा गट आणला, ‘स्टेसी’. सहा मुली, सगळ्यांत धाकटी पंधरा वर्षांची.