जुनें वाद्य आणि नवा ठेका

इंडोनेशियांतील जावा बेटावर योग्यकर्ता नांवाचें शहर आहे. तेथें २०१० सालीं रुली शबारा व वुकिर सुर्यादी या दोघांनीं ‘सेन्यावा’ हें संगीतमंडळ उभारलें. सुर्यादी यांनीं बांबूचें जाड कांडें घेऊन स्वतःच्या हातानें एक तंतुवाद्य घडविलें. त्याच्या कांहीं तारा बांबूच्याच सालीच्या असून त्यांचा नाद विजेच्या यंत्रानें वाढविलेला असतो. त्याच्या साथीनें शबारा कधीं पुटपुटतात, कधीं गर्जतात.

अशा संगीतास ‘अंडरग्राउंड’ म्हणतात. ‘भूमिगत’ म्हटलें कीं आपणांस १९४२ सालचे, पोलिसांना चुकवून हिंडणारे देशभक्त आठवतात. येथें तसें कांहीं नाहीं. चित्रपटांच्या व मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावांचून चाललेलें संगीत, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु जुन्यानव्याचा मेळ घालणें दिसतें तितकें सोपें नाहीं. आपल्या पालघरकडील वारली लोकांचा तारपाच घ्या. सुकलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचीं पानें आणि मेण, एवढ्या साहित्यांत तो तयार होतो. वादक गालांत हवा सांठवून, श्वास तुटूं न देतां तो वाजवितो आणि नाचणारांची सांखळी त्याच्याभोंवतीं फिरते. त्याचे स्वर तो घडवितांनाच ठरून जातात. पेटीच्या पट्ट्यांशीं ते जुळतीलच असें नाहीं. नाचाची गति वादकाच्या दमावर अवलंबून, तर संगणकावरील ठेका घड्याळासारखा एकसारखा! म्हणून पुष्कळ जण सोपी वाट धरितात. जुन्या वाद्याचा एखादा तुकडा मुद्रित करून तोच पुनः पुनः ठेक्यावर फिरवितात. यास मिलाफ म्हणणें म्हणजे दारास तोरण लावून घर बांधल्याचें सांगणें होय.

मुंबईच्या ‘स्वदेशी’ या तरुण मंडळानें २०१९ सालीं ‘द वारली रिव्होल्ट’ हें गीत काढिलें, तें आम्हांस निराळें वाटतें. त्यांत आरे येथील केल्टीपाड्याचे आदिवासी गायक प्रकाश भोईर स्वतः गातात, आणि त्यांच्या गाण्यास जोडून रॅप येतें. रॅप म्हणजे ठेक्यावर यमकें साधीत वेगानें म्हटलेलें पद्य. शीर्षक वाचतांच वेठबिगारीविरुद्धचा १९४५ सालचा वारल्यांचा लढा आठवतो. विषय जमिनीचा व जंगलाचा, आणि त्यावर बोलण्याचा पहिला अधिकार ज्यांचा, तेच गात असल्यामुळें लोकगीताचा स्वर येथें शोभेपुरता उरत नाहीं. गाण्यानें झाडें मात्र वांचलीं नाहींत. त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरच्या रात्रीं मेट्रोच्या कारशेडसाठीं आरे येथें तोड सुरू झाली. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें ती थांबविली, तोंवर २,१४१ झाडें पडलीं होतीं.

महाराष्ट्रास ही रीत नवी नव्हे. सत्यशोधकांनीं तमाशाचा बाज घेऊन जलसे उभे केले. इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें ज्या ख्रिस्ती मंडळ्यांत रूढ होतीं, त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग व कीर्तन आणिलें.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे वळूं. अमरावतीचे सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी बोलींत रॅप करितात. त्यांचें रंगमंचावरील नांव ‘१००आरबीएच’ असें लिहितात. शंभराचा आंकडा ‘सौ’ असा वाचावा व पुढें ‘रभ’ जोडावें, म्हणजे ‘सौरभ’ होतें! ही बोली वडनेर भोलजीच्या विद्यार्थ्यांस शिकवावी लागत नाहीं. ‘डोळा’ यास ‘डोया’, ‘काळा’ यास ‘काया’ म्हणतच तीं मुलें वर्गांत येतात. निबंधांत अशा शब्दाखालीं तांबडी रेघ ओढावी लागते, कारण परीक्षेची भाषा निराळी आहे. रॅपमध्यें तोच शब्द ठेक्यावर नेमका बसतो, आणि अमरावतीचा गायक तो म्हणतो तेव्हां मुंबईचे श्रोते त्याचा अर्थ विचारून घेतात.