वार सुटते तेव्हा

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला साधारण 500 ते 700 मिलिलिटर रक्त येत असतं. बाळ जन्मतं, मागोमाग वार सुटते आणि ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. हिशेबाने काही मिनिटांत जिवावर बेतायला हवं. बहुतेकींचं तसं होत नाही. गर्भाशय आकसून त्या वाहिन्या आवळतं, हे पहिलं कारण. दुसरं असं, की रक्ताने या घटकेची तयारी कित्येक महिने आधीच सुरू केलेली असते.

गुठळीचं जाळं विणणारं फायब्रिनोजेन एरवी लिटरमागे 2 ते 4 ग्रॅम असतं. शेवटच्या तिमाहीत ते 4 ते 6 ग्रॅमवर जातं. तेही रक्तातला द्रवभाग जवळपास दीडपट झालेला असताना! गोठवणारे इतर काही घटकही वाढतात, तर गोठण्याला लगाम घालणारं प्रोटीन एस कमी होतं. वार स्वतःच असं एक द्रव्य तयार करते, ज्यामुळे झालेली गुठळी लवकर विरघळत नाही. (रक्तातल्या गुठळ्यांची खूण मानला जाणारा डी-डायमर गरोदरपणात रिपोर्टमध्ये वाढलेला दिसतो तो याच घडामोडींमुळे. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये.)

या तयारीची किंमत मोजावी लागते ती पायांना. शिरेत गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात एरवीपेक्षा चार-पाच पट असतो, आणि ती बहुतेक वेळा डाव्या पायात होते. उजव्या पायाकडे जाणारी धमनी ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून जाते. त्यात वाढलेल्या गर्भाशयाचा भार. रक्त तिथे रेंगाळतं. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो.

हा धोका सर्वाधिक असतो तो बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, म्हणजे जवळपास आपला सव्वा महिना! बाळंतिणीला विश्रांती हवीच, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू यांबद्दलही तक्रार नाही. पण तिला दिवसदिवस खाटेवरून उठू न देणं चूकच. सिझेरियन झालेलीलाही डॉक्टर शक्य तितक्या लवकर चालवतात, ते उगाच नव्हे. काहींना रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनंही देतात.

घरच्यांनी एवढं पाहावं : एकच पाय सुजलाय का, पोटरी दुखतेय का, अचानक धाप लागतेय का, छातीत दुखतंय का. यातलं काहीही दिसलं तर पाय चोळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि धाप किंवा छातीत दुखणं असेल तर त्याच क्षणी.